बलकाचं कुलूप

ऐनटोल्यातले डास संपत आले होते, आणि ऐनटोल्यातला ताप वाढत चालला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. गावाभोवतीच्या बोड्यांमध्ये, त्या लहान तळ्यांमध्ये, डासाची अळी औषधालाही सापडत नव्हती. संध्याकाळी अंगणात खाट टाकली तरी कानाशी गुणगुण नाही. लोकांनी मच्छरदाण्या उतरवल्या होत्या. कोणी त्यांनी वांग्यांचे वाफे झाकले, कोणी त्या मासे धरायला नेल्या. आणि तरीही धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत आरोग्य उपकेंद्राच्या दाराशी कुडकुडणाऱ्या माणसांची रांग लागू लागली. कपाळाला चिकटवायची तपासणीची पट्टी रोज कोणाच्या ना कोणाच्या कपाळावर जांभळी होत होती. जांभळा रंग म्हणजे मलेरिया, तोही मेंदूत जाणारा.

गावाबाहेरच्या संशोधन केंद्रावर शलाका कापगते कीटकशास्त्रज्ञ म्हणून काम करत होती. हे गाव तिला परकं नव्हतं. तिची मोठी बहीण ज्योत्स्ना इथे दिलेली होती आणि आता इथली सरपंच होती. तीन वर्षांपूर्वी, प्रयोगासाठी गाव हवं होतं तेव्हा, ज्योत्स्नानेच ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं, "माही बहीण या कामात हाय. ती खोटं बोलत नाई." तेवढ्यावर गावाने होकार दिला होता.

तापाचं कारण केंद्राचे प्रमुख डॉ. अष्टेकर यांच्या मते सरळ होतं. नवी पट्टी जुन्या तपासणीपेक्षा तल्लख, म्हणून पूर्वी न सापडणारे रुग्ण आता सापडत होते. शिवाय शेतीच्या कामाला बाहेरून मजूर आले होते. शलाकालाही हे काही दिवस पटलं. मग ज्योत्स्नाच तापाने पडली. ती तर महिनाभर गाव सोडून कुठे गेलेली नव्हती. तिला तालुक्याच्या दवाखान्यात हलवलं, आणि त्या दिवशी दुपारी शलाकाने कोणाला न विचारता एक साधा प्रयोग मांडला.

तो समजण्यासाठी मादी डासाच्या पोटात काय घडतं ते थोडं सांगायला हवं.

डासाची मादी रक्त पिते ती स्वतःच्या भुकेसाठी नव्हे. स्वतःसाठी तिला फुलांतला गोड रस पुरतो. रक्त लागतं अंड्यांना. पोटात रक्त पडलं की तिच्या मेंदूतून एक संप्रेरक सुटतं आणि अंडाशयाला जागं करतं. त्याच्या सांगण्यावरून दुसरं संप्रेरक तयार होतं. त्याचं नाव इक्डायसोन. अळी कात टाकते तेव्हा तिच्या अंगात खेळतं तेच. ते मेदपिंडात पोचतं. मेदपिंड हे कीटकाचं यकृतही आणि कोठारही. तिथल्या पेशींमध्ये एक जनुक निजलेलं असतं. संप्रेरकाची हाक आली की ते खडबडून उठतं, आणि पेशी हातातली बाकीची कामं टाकून एकच प्रथिन बनवायला लागतात. हे अंड्यातल्या बलकाचं प्रथिन. ते अंगभर वाहत अंडाशयात जातं, अंडी भरतात, मादी ती पाण्यावर घालते.

अष्टेकरांनी त्या निजलेल्या जनुकाला कुलूप घातलं होतं. हाक येते, पण जनुक उठत नाही. बलक नाही तर अंडी नाहीत. कुलूपवाले नर गावात सोडायचे. नर चावत नाहीत. ते फक्त गावातल्या माद्यांशी जुळतात, आणि त्यांच्या लेकी कुलूप घेऊनच जन्मतात. दोन-तीन पिढ्यांत डास नाहीसे. केंद्रातल्या पैदाशीच्या खोलीत मात्र याच माद्यांकडून अंडी घ्यावी लागत, म्हणून तिथे त्यांना गुलाबी रंगाचं साखरपाणी देत. त्या पाण्यात एक औषध होतं. ते पोटात गेलं की कुलूप सैल पडे. केंद्रातले सगळे त्याला 'किल्ली' म्हणत.

शलाकाने दोन पिंजरे घेतले. एकात साध्या माद्या, दुसऱ्यात कुलूपवाल्या, किल्लीचा थेंबही न दिलेल्या. केंद्रातच वाढलेल्या या डासांच्या अंगात मलेरियाचे जंतू नव्हते, त्यामुळे भीती नव्हती. परवा दोन्ही पिंजऱ्यांतल्या माद्या पोट तट्ट फुगेपर्यंत रक्त प्यायल्या होत्या.

तिने डावा हात साध्या माद्यांच्या पिंजऱ्यात घातला. त्या जाळीला चिकटून बसल्या होत्या, जड, अंड्यांनी भरलेल्या. एकही हलली नाही. तिने हात काढला आणि दुसऱ्या पिंजऱ्यात सरकवला.

कोपरापर्यंत हात जायच्या आत त्या तुटून पडल्या. मनगटावर, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या मुळांशी. काल-परवा काही खाल्लंच नसावं अशा. शलाकाने दात आवळले आणि हात तसाच ठेवला, कारण तिला खात्री हवी होती. हात बाहेर काढला तेव्हा तो हात तिला आपला वाटेना.

अंडी भरू लागली की मादीच्या अंगातून एक निरोप निघतो, 'पुरे'. मग अंडी घालेपर्यंत ती माणसाकडे फिरकत नाही. कुलूपवाल्या मादीत बलकच बनत नव्हता, त्यामुळे 'पुरे' म्हणणारं कोणी नव्हतं. रक्त पचलं की ती पुन्हा निघायची. त्याहून वाईट गोष्ट शलाकाच्या ध्यानात पुढच्या काही दिवसांत आली. ती रोज हात घालून पाहत राहिली आणि पिंजऱ्यांच्या तळाशी मेलेले डास मोजत राहिली. साध्या पिंजऱ्यात चिकार होते, कुलूपवाल्यांच्या पिंजऱ्यात नावालाच. अंडी घालणं हे अंगावरचं काम. ते सुटलं की मादी जगते. मलेरियाच्या जंतूला डासाच्या अंगात पिकायला वेळ लागतो, आणि एरवी बहुतेक माद्या तो पिकण्याआधीच मरतात. माणसं वाचतात ती डासाच्या या अल्पायुष्यामुळे. इथे उरलेली एकेक मादी दीर्घायुषी झाली होती आणि सतत भुकेली होती.

केंद्रात हे आधी कसं दिसलं नाही? कारण चाचणीच्या माद्यांना एकदा रक्त पाजून, अंडी होत नाहीत एवढं पाहून टाकून देत. त्यांना दुसऱ्यांदा भूक लागते का, हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. शलाकानेही नाही.

*

"हात दाखवा," डॉ. अष्टेकर म्हणाले.

तिने बाही वर केली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो सुजलेला हात बराच वेळ पाहिला. ते लबाड गृहस्थ नव्हते. साठी ओलांडलेला हा माणूस अर्धं आयुष्य जंगलातल्या दवाखान्यांतून तापाने गेलेली मुलं मोजत हिंडला होता.

"मला शंका होतीच," ते हळूच म्हणाले. "पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं."

"सर, किल्ली बाहेर काढायला हवी. गुलाबी पाण्याची भांडी गावात टांगू. माद्या साखरपाणी पितातच. मी पिंजऱ्यात करून पाहिलं. किल्ली प्यायल्या की पुढच्या रक्तानंतर त्या निवांत बसतात."

"आणि अंडी घालतात."

"हो."

"मग डास परत येतील. कुलूप पातळ होत होत नाहीसं होईल. शलाका, थंडी पडेपर्यंत या म्हाताऱ्या माद्या आपोआप मरणार आहेत, आणि त्यांच्या मागे कोणी नाही. तुम्हाला कळतंय ना? मागे कोणीच नाही! एक हंगाम कळ काढली की या पट्ट्यातला मलेरिया संपला. पुढच्या महिन्यात मंजुरी समिती येतेय. त्यांनी हो म्हटलं तर पाच राज्यं. आपणच माघार घेतली तर पुन्हा असा प्रयोग कोणी करू देणार नाही."

"आणि तोवर जी माणसं मरतील ती?"

"औषधं आहेत. मच्छरदाण्या वाटू."

"डास संपले असं आपणच सांगितलंय, सर. कारण न सांगता कोण लावेल मच्छरदाणी? आणि शेताच्या धुऱ्यावर काम करणाऱ्याला संध्याकाळी चावलं तर मच्छरदाणी काय करेल? फवारणीला तर इकडचे डास केव्हाच सरावलेत."

अष्टेकरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "कारण सांगायचं नाही. लोक घाबरतील, केंद्र जाळतील. तुम्ही गुप्ततेच्या करारावर सही केली आहे, विसरू नका." मग आवाज मऊ करून म्हणाले, "मी निर्दय नाही हो. पण मी तीस वर्षांचा हिशेब करतोय, तुम्ही तीस दिवसांचा."

शलाका बाहेर आली. तिला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल, तर ते अगदीच चुकीचं बोलत नव्हते याचा.

*

दवाखान्यात ज्योत्स्ना उशीला टेकून बसली होती. ताप उतरला होता, पण चेहरा हळद फासल्यासारखा दिसत होता. शलाका तिला लहानपणापासून 'बाई' म्हणे. जवळ बसून तिने सगळं सांगितलं, पिंजऱ्यापासून करारापर्यंत, काहीही न गाळता.

"ग्रामसभा बोलाव, बाई," ती शेवटी म्हणाली. "गावासंगच्या करारात लिहिलं हाय. गावानं ठरवलं तर केंद्राले ऐकावं लागते. सरपंचाच्या सहीनं सभा बोलावता येते."

ज्योत्स्ना खिडकीबाहेर बघत राहिली. "थंडी पडेस्तोवर मरतील म्हंतेस ना त्या माद्या?"

"हो. पन तवापर्यंत..."

"मंग मी सही करत नाई."

शलाकाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"माहा पियूष गेला तवा तू कालेजात होती," ज्योत्स्ना म्हणाली. "सात वर्साचं पोरगं. रस्त्यातच बैलबंडीत गेलं. तवापासून मी एकच मागून राह्यली, का हे डास जळोत. आता कुठं संपून राह्यले, अन् तू म्हंतेस त्यायले अंडी घालू दे?"

"बाई, तूच मरता मरता वाचली."

"वाचली ना? मंग झालं तर. यंदा सोसू. म्होरच्या पोरायले सोसा नाई लागन."

"ज्यायले सोसाचं हाय त्यायले इचारलं का कोनी?"

 ज्योत्स्नाने पाठ फिरवली आणि चादर खांद्यावर ओढली.  आईवेगळ्या शलाकाला ज्या बाईने न्हाऊमाखू घातलं होतं, तिची पाठ तिने अशी कधी पाहिली नव्हती.

त्याच आठवड्यात देवाजी मारबते गेला. गावात नर डास सोडण्याचं काम त्याचं होतं. कागदी खोकी सायकलला बांधून तो गल्लीगल्लीतून फिरायचा आणि "जावई आले, जावई आले" असं ओरडायचा. बाया हसत दारं उघडायच्या. त्या दिवशी सकाळी तो धुऱ्यावर चक्कर येऊन पडला, दुपारी शुद्ध गेली, दवाखान्यात पोचेपर्यंत आटोपलं होतं. त्याच्या घरची मच्छरदाणी भाजीच्या वाफ्यावर होती. शलाका मातीला गेली तेव्हा देवाजीची बायको तिचा हात धरून म्हणाली, "म्याडम, डास तर नव्हते ना वो? मंग हे कायचं झालं?"

शलाकाला तिच्याकडे पाहवलं नाही. ती तिथून निघाली ती सभेसाठी थेट उपसरपंचांकडे जायचं ठरवूनच. पण वाटेतच निरोप आला. ज्योत्स्ना दवाखान्यातून घरी परतली होती, आणि तिने स्वतःच्या सहीने सभा बोलावली होती.

*

सभा शाळेच्या पटांगणात, उन्हं कलायच्या आत भरली. ज्योत्स्नाला खुर्ची दिली होती. अंगावर शाल होती. शलाका जवळ गेली तसं ती खालच्या आवाजात म्हणाली, "तू तुहं सांग. मी माहं सांगीन. देवाजीच्या बायकोले कारण समजलं पाह्यजे, येवढ्यासाठी बोलावली."

शलाकाने सांगितलं. संप्रेरक हा शब्द एकदाच वापरला, नंतर नाही. म्हणाली, मादीचं पोट भरल्याचा निरोप तिला मिळत नाही, म्हणून ती चावत राहते. आणि बाळंतपणाचा शीण नाही, म्हणून लवकर मरत नाही. हे आम्हाला आधी कळायला हवं होतं, कळलं नाही. माझाही त्यात वाटा आहे. मग तिने दोन्ही वाटा समोर ठेवल्या. किल्ली दिली तर ताप आटोक्यात येईल, पण डास परत येतील, पूर्वीसारखेच. नाही दिली तर थंडीनंतर कदाचित डास कायमचे जातील, पण तोवर आणखी माणसं जातील. किती, ते सांगता येत नाही.

 मग अंजनाबाई नखाते पदर सावरत उठली. "म्हंजे आता डासायले सरबत पाजाचं म्हंता का, बाप्पा?"

कोणी हसलं, पण हसू लगेच विरलं. मागून एक तरुण ओरडला, "पहिले आमाले ईच्यारलं का? आमच्यावर प्रयोग करता काय!" दोघे-तिघे उठून पुढे आले. एकाच्या हातात काठी होती. केंद्राच्या जीपमध्ये बसलेले अष्टेकर खाली उतरले, आणि क्षणभर शलाकाला वाटलं की आता काही खरं नाही.

"खाली बसा!" ज्योत्स्नाचा आवाज फाटका होता, पण पटांगणभर गेला. "ईच्यारलं व्हतं. याच जागी ईच्यारलं व्हतं, अन् मीनंच तुमाले हो म्हनाले लावलं. माराचं असन तर मले मारा."

काठीवाला थांबला. ज्योत्स्ना उठून उभी राहिली. तिने पियूषचं नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. "माहं मत सोसाचं हाय," ती म्हणाली. "एक हंगाम. दात-ओठ खाऊन. मच्छरदान्या लावा, अंगभर कपडे घाला, संध्याकाळी शेतात थांबू नका. पन या हैवानायले पुन्हा अंडी घालू देऊ नका. माही बहीण दुसरं सांगते. तिचंबी खरं हाय. आता हात वर करा."

अष्टेकर बोलायला पुढे झाले होते. ते जागीच थांबले. त्यांच्याच बाजूचं बोलणं त्यांच्याहून चांगलं होऊन गेलं होतं.

"सोसाचं म्हनणारे?"

हात वर गेले. शलाकाला वाटलं होतं त्याहून पुष्कळच. त्यांत म्हातारे होते, अंजनाबाई होती, मुलं गमावलेले आईबाप होते.

"किल्ली द्याची म्हनणारे?"

पहिला हात देवाजीच्या बायकोचा. मग कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, शेतमजूर, ते मघाचे तरुण. काठीवाल्याने काठी डाव्या हातात घेऊन उजवा वर केला. ज्योत्स्नाने सगळ्यांवरून नजर फिरवली. हे हात उघडच जास्त होते, मोजायची गरज उरली नाही. तिने मान हलवली आणि खुर्चीत बसली. शलाका तिच्याकडे गेली तेव्हा ती म्हणाली, "जाय. आपलं काम कर." एवढंच.

दुसऱ्याच दिवशी गुलाबी पाण्यात भिजवलेले कापसाचे बोळे मातीच्या पणत्यांतून झाडांना, गोठ्यांना, बोड्यांच्या काठावरच्या बाभळींना टांगले गेले. अष्टेकरांनी साठ्याची खोली स्वतः उघडून दिली. शलाकाला नोकरीतून काढल्याचं पत्रही त्यांनीच दिलं. देताना म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर मला हे जमलं नसतं. चांगलं की वाईट, मला ठरवता येत नाही." समिती आलीच नाही.

पहिले काही दिवस काहीच बदललं नाही. रांग तशीच होती, आणखी एक म्हातारा गेला, आणि शलाका उपकेंद्राच्या पायरीवर बसून प्रत्येक कपाळावरची पट्टी पाहत राहायची. मग जांभळ्या पट्ट्या कमी होऊ लागल्या. पुढे पुढे तर दिवसच्या दिवस एकही नसे. कापणी उरकेपर्यंत उपकेंद्राच्या दाराशी कोणी उभं राहायचं बंद झालं.

ज्योत्स्नाने मात्र तिला फोन केला नाही. शलाकाने केले, ते भाऊजींनी उचलले. "झोपली हाय," ते म्हणायचे, किंवा "शेतात गेली." हिवाळा गेला, उन्हाळा गेला. शलाकाला जिल्ह्याच्या हिवताप विभागात हंगामी काम मिळालं होतं. पावसाळा अर्ध्यावर आला असताना एक दिवस फोन वाजला, आणि पलीकडून ज्योत्स्ना म्हणाली, "ये."

शलाका गेली तेव्हा ज्योत्स्ना बोडीच्या काठावर उकिडवी बसली होती. हातात वाटी, वाटीत पाणी. "पाह्य," ती म्हणाली.

पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या. शलाका शेजारी बसली.  "बाई, अजून रागात हायस काय माह्यावर?"

"तुह्यावर नाई." ज्योत्स्नाने वाटी जमिनीवर पालथी केली. पाणी मातीत जिरेपर्यंत ती बघत राहिली. "त्या दिवशी हात वर गेले ना, देवाजीच्या बायकोचा, मंग सगळ्यायचे... मी हरली. अन् मले एकदम हलकं वाटलं. कोनीतरी पाठीवरचा बोजा उतरवल्यासारखं. पियूषच्या नावानं भांडाले उभी राह्यली, अन् हरल्याचं बरं वाटलं. येवढे महिने मी त्याच्या फोटोकडं पाह्यली नाई."

शलाकाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ज्योत्स्नाने तो झटकला नाही. पलीकडे धानाची रोवणी उरकून बाया बांधाने परतत होत्या, चिखलाचे पाय, मोठ्याने गप्पा. ऊन उतरलं होतं. ज्योत्स्नाने आपल्या दंडावर फटकन चापट मारली, तळहात उघडून पाहिला आणि पदराला पुसला.

"चाल घरात," ती म्हणाली. "चावून राह्यले."